मांसमार्दवमीमांसा : पितृदोषाधिकरण

मटणाचा तुकडा चावताना दंतपंक्ती व तंतुसमूह यांच्यात जो संघर्ष उद्भवतो, त्याच्या अभावास मार्दव म्हणावे. व्याख्या निर्दोष आहे; परंतु अभाव मोजावा कसा? ही अडचण वॉर्नर व ब्रॅट्झलर या अमेरिकी आचार्यद्वयाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दूर केली. शिजलेल्या मांसातून अर्धा इंच व्यासाचा दंडगोल कोरावा, पोलादी पात्याने आडवा छेदावा आणि लागलेला जोर नोंदवावा. तेव्हापासून जबड्याची साक्ष दुय्यम ठरली.

चिवटपणाच्या कारणाविषयी तीन संप्रदाय प्रचलित आहेत.

१. शिट्टीवादी : कुकरच्या अपुऱ्या शिट्ट्या हेच आदिकारण. बहुतेक जावई याच मताचे असतात; सासुरवाडीस मात्र मौन पाळतात.

२. पपईवादी : कच्च्या पपईतील पपेन प्रथिनांचे विघटन करते, हे यांचे प्रमाण अकाट्य आहे. तथापि अतिलेपनाने तुकड्याचा लगदा होऊन वादविषयच लोपतो, आणि विषय नष्ट करून वाद जिंकणे शास्त्रसंमत नाही.

३. बीजवादी : प्रस्तुत लेखक यांपैकी.

बीजवादाचे प्रतिपादन असे. स्नायूत कॅल्पेन नामक विकर असते. वधानंतर ते तंतूंचा विच्छेद करते व मांस हळूहळू मऊ पडते. कॅल्पास्टॅटिन नामक प्रथिन त्यास आवरते. या दोहोंच्या जनुकांत पशुपरत्वे भेद असल्याने एकाच चाऱ्यावर वाढलेले दोन पशू एकाच पातेल्यात भिन्न गती पावू शकतात. (वयाने कोलॅजनचे बंध दृढ होतात, हे जूनवादी उपशाखेचे म्हणणे मान्य. त्यात नवे काही नाही.)

प्रमुख दृष्टांत १९८३ साली ओक्लाहोमात जन्मलेल्या ‘सॉलिड गोल्ड’ नामक डॉर्सेट मेंढ्याचा. त्याचा पश्चाद्भाग असामान्य पुष्ट होता आणि ती पुष्टता संततीतही उतरली. विद्वानांनी या लक्षणास ‘कॅलिपिज’, अर्थात सुनितंब, ही संज्ञा दिली. मांस अधिक, चरबी अल्प. पशुपालकास आणखी काय हवे? परंतु स्नायूंत कॅल्पास्टॅटिन बळावलेले होते, आणि पाठीचे मांस, जे एरवी कोवळे, तेच विलक्षण चिवट निघाले.

संक्रमणाचा नियम धर्मशास्त्र्यांनाही अंतर्मुख करील. विकृत जनुक पित्याकडून व निर्विकार जनुक मातेकडून आले, तरच लक्षण प्रकटते. केवळ मातेकडून आल्यास ते सुप्त राहते. उभयतांकडून आल्यास दोष द्विगुणित होऊनही कोकरू सामान्य दिसते! सारांश, हा निखळ पितृदोष असून त्याची शांती मातेनेही तोच दोष धारण करण्यात आहे. अठराव्या गुणसूत्रावरील एकाच अक्षराचा हा पालट असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले.

‘हा विकार मेंढ्याचा; आमच्या ताटात बोकड आहे,’ असा आक्षेप शिट्टीवादी घेतात. तो ग्राह्य आहे. परंतु कॅल्पास्टॅटिन बोकडातही असते, आणि बोकडासही पिता असतो. अतएव रश्श्याविषयी तक्रार असणाऱ्याने प्रथम सदर पशूची पितृवंशावळ सादर करावी. ती अनुपलब्ध असल्यास तुकडा गिळावा. गिळणे अशक्य ठरल्यास ताटाच्या कडेस, नळीच्या आड ठेवावा.