पूर्वी असं नव्हतं

बाहेरगावाहून आलेला माणूस पुणेकर नेमका कधी होतो? आधार कार्डावरचा पत्ता बदलला की होतो, असं सरकारचं म्हणणं. गृहकर्जाचा पहिला हप्ता कापला गेला की होतो, असं बँकेचं. माझं मत निराळं आहे. ज्या दिवशी तो विद्यापीठ चौकात अडकतो, गाडी बंद करतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणतो, “पूर्वी असं नव्हतं हो,” त्या दिवशी तो पुणेकर झाला.

आता हे ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा? आमच्या सोसायटीत दर मजल्याचं ‘पूर्वी’ वेगळं आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं १२ जुलै १९६१ ला संपलं, पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी. तिसऱ्या मजल्यावरचे काका पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या मते २००२ साली एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, मुंबईकर वीकेंडला येऊ लागले आणि पुणं गेलं. पाचव्या मजल्यावरचा लातूरचा मुलगा परवा लिफ्टमध्ये मला सांगत होता, “काका, कोरोनाच्या आधी काय मस्त होतं पुणं!” तो आला २०१८ मध्ये. प्रत्येकाला आपण आलो तेव्हाचंच शहर खरं वाटतं. आपल्यानंतर जे आले ती गर्दी.

या हिशेबाने मूळ पुणेकर शोधायला निघालं तर पंचाईतच होते. पेशव्यांचं घराणं श्रीवर्धनचं. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा कसब्यातल्या जुन्या रहिवाशांनी ‘ही कोकणातली मंडळी आली आणि जागेचे भाव चढले’ असं नक्कीच म्हटलं असणार. बखरकारांनी नोंद केली नाही, एवढंच. टिळक रत्नागिरीचे, गोखले गुहागरकडच्या कोतळूकचे, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, महर्षी कर्व्यांचं बालपण मुरूडचं. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. बाकरवडीवाले चितळे भिलवडीचे. आणि ज्याच्यावाचून पुण्याची सकाळ होत नाही, ते अमृततुल्य आलं राजस्थानातून.

लोक शहरात का येतात, याची छापील उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत: शिक्षण, नोकरी, दुष्काळ. ती खोटीही नाहीत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, बहात्तरच्या दुष्काळाने गावंच्या गावं हलली, पुढे हिंजवडीला आयटी पार्क झालं. २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात असलेलं पिंपरी-चिंचवड २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर गेलं. पण औद्योगिक धोरण वाचून कोणी पेटी उचलत नाही. मावसभाऊ नऱ्ह्यात खोली करून राहतो आणि त्याच्याकडे कॉट बेसिसवर एक जागा रिकामी आहे, म्हणून माणूस येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत गावातला एक मुलगा दिवसाला बारा तास बसतो हे कळलं, की पुढच्या जूनमध्ये त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या त्याच गावाच्या होतात. येताना सगळेच सांगतात, “दोन-चार वर्षं काढू, मग परत जाऊ.” हे वाक्य नोकरीचं नाही, आईसाठीचं असतं.

आणखी एक कारण आहे, ते मात्र या छापील उत्तरांत येत नाही. ते म्हणजे लग्न. गावाकडे चांगली बागायत असलेल्या, निर्व्यसनी, पदवीधर मुलाला तिशी उलटली तरी मुलगी मिळत नाही. आणि वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत राहणाऱ्या, सकाळी आठला निघून रात्री नऊला परतणाऱ्या त्याच्या चुलतभावाकडे स्थळांची रांग लागते. त्यातही मुलीकडच्यांची अट असते, की मुलगा पुण्यात हवा, पण गावी निदान पाच एकर हवीच. ही पाच एकर कोण कसणार, हा प्रश्न बैठकीत कोणी काढत नाही. बायोडाटात तिचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, पुरेसं आहे. मुलींना नावं ठेवायचं काही कारण नाही. पहाटे धारा, दुपारी खुरपणी आणि रात्री वीज आली की मोटर, हे आपल्या आईचं आयुष्य त्यांनी जवळून पाहिलेलं आहे.

काही लोक तर जागचे न हलता शहरात आले. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये तेवीस. सूस, वाघोली, नऱ्हे इथल्या लोकांनी गाव सोडलं नाही. पुणंच सामानसुमान घेऊन त्यांच्या दारात येऊन बसलं. जमिनी गुंठ्यांवर विकल्या गेल्या, गळ्यात जाड साखळ्या आल्या आणि ‘गुंठामंत्री’ जन्माला आला. मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र वेगळी अक्कल चालवली. सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशेवर एकर एकत्र केले आणि स्वतःच कंपनी काढून नगर वसवलं. बाकीच्यांपैकी कित्येकांनी जमीन विकून गाडी घेतली आणि आज त्याच जमिनीवरच्या टॉवरच्या फाटकाशी त्यांची मुलं पाण्याचे टँकर लावतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं. ते बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खडकीची छावणी होती, कालव्याखालची शेती होती. वाघोलीच्या बाराव्या मजल्यावरचा शॉवर नव्हता. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली, तरी पुरत नाही. उन्हाळा आला की दौंड-इंदापूरचा शेतकरी आणि पुण्याचा फ्लॅटवाला एकाच धरणाकडे बघतात. मला यात शेतकऱ्याची बाजू जास्त खरी वाटते, आणि हे मी अंघोळ करून लिहितो आहे.

गावाकडचा परिणाम जरा हळू दिसतो. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या मुलाने गावी वडिलांसाठी घर बांधलं. खाली चकचकीत फरशी, वर गच्ची, चारही कोपऱ्यांना सीसीटीव्ही. वडील त्या फरशीवरून घसरायला होतं म्हणून जुन्या पडवीतच झोपतात. मुलगा इकडे मीटिंग चालू असताना मोबाईलवर अंगण बघतो आणि फोन करतो, “अण्णा, शेळी तुळस खातेय.” अण्णा म्हणतात, “खाऊ दे. घरात कुणीतरी खातंय म्हणायचं.”

पण सगळं हरवलंच, असंही नाही. श्रावणात पिंपरी-चिंचवडला खानदेशी मंडळींची कानबाई बसते आणि त्या दिवशी कॉलनीत अहिराणीच ऐकू येते. हिवाळ्यात जळगावची भरताची वांगी येतात आणि सोसायटीच्या गच्चीवर ती भाजताना अग्निशमनाचे सगळे नियम मोडले जातात. कोथरूडच्या पोळीभाजी केंद्रात आता शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ज्वारीची भाकरी मिळते. पेन्शनरांच्या पुण्यात हे नव्हतं. तेव्हा ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य कधीकधी चांगल्या अर्थानेही म्हणायला हरकत नाही.

जून जवळ आलाय. तुमच्याही इमारतीत लवकरच कोणीतरी गादीची वळकटी, सिलिंडर आणि आईने बांधून दिलेला डबा घेऊन लिफ्टपाशी उभं राहील. कपाळाला आठ्या न घालता दार धरून ठेवा. टँकर कोणत्या वारी येतो, इस्त्रीवाला कुठे बसतो आणि कोणत्या मेसमध्ये तिसरी पोळी मागितली तर चेहरा बघतात, एवढं सांगून टाका. दिवाळीपर्यंत तोच तुम्हाला गर्दीबद्दल तक्रार सांगायला लागेल.