मसुरीच्या मुलखातून

मिनिप, व्हिक्टोरिया
ती. आप्पा व आई यांस सा. न. वि. वि.

आम्ही इथे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे पाचेकशे माणसं आणि मोजायला कुणी धजत नाही इतकी मेंढरं. मेलबर्न तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे, तेव्हा कढीलिंब संपला की संपला.

शेजारच्या म्हातारबुवांची जमीन दोन हजार हेक्टर. आप्पा, शून्य जास्त पडलेलं नाही. राबणारे तिघं: ते, त्यांचा मुलगा आणि मेंढरं वळणारा कुत्रा. हुकूम कुत्र्याचा चालतो. सध्या ऐन मार्गशीर्षात, चाळीसच्या उन्हात सुगी चाललीय. ती आटपली की धसकटात मेंढरं सोडायची. बार्शीकडे रानात बसवतात तशीच, फक्त इथला धनगर मोटरसायकलवर असतो.

जवळच मुर्टोआला १९४१-४२ सालचं गव्हाचं कोठार आहे. युद्धामुळे गहू बाहेर जाईना, म्हणून झाडांचे साडेपाचशेवर अख्खे सोट उभे करून वर पत्रे घातले. आईने तर आत शिरताना चपलाच काढल्या असत्या.

आणि रानात पिकतं काय? मसूर! नजर पोचेल तिथवर. सगळी निघते भारत-बांगलादेशाकडे. म्हातारबुवा स्वतः तिन्ही त्रिकाळ मटणावर. फुटबॉल क्लबाच्या जेवणाला मी गोडा मसाला घालून आमटी नेली. त्यांनी वाटीत बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "हे मी पिकवतो?" आता लोकर कातरायला आलेल्या गड्यांनाही आमटीच लागते. मसाला पाठवा.

बाकी भारतावर म्हातारबुवांचा राग आहे. २०१७ च्या डिसेंबरात दिल्लीने मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही आणि गावात भारत सरकार म्हणून त्यांना एकटी मीच सापडते. मराठवाड्यात पाऊस किती झाला, हे मला त्यांच्याकडून कळतं. तिकडे पाऊस पडला की इथे चेहरे पडतात.

तर हे गृहस्थ फेब्रुवारीत येताहेत. ताजमहाल नको, तुझ्या वडिलांचा हरभरा बघायचाय म्हणतात. आप्पा, "शुल्क दुप्पट करा" हे तुमचं गेल्या पत्रातलं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. आई, मटणाचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी कर. आणि जेवण होईपर्यंत आप्पांना बाजारभावावर बोलू देऊ नकोस.

तुमची,
शैला