चोकवाले काका

क्रॉफर्ड मार्केटात मासे घ्यायला काकांना दहा मिनिटं पुरतात. टँकवरच्या ट्यूबचा चोक घ्यायला मात्र शेजारच्या लोहार चाळीत अख्खा शनिवार जातो. "ते लाल शेपटीचे द्या सहा," एवढ्यावर मासे उरकणारा हा गृहस्थ चोकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बॅलास्टचा, डबा मात्र, मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखा, उलटासुलटा करून निरखतो.

फिश टँकच्या नादात ही चोकवेड्यांची जमात पूर्वीपासून आहेच. टी-५ हाय आउटपुट ट्यूब आल्या आणि तिला ऊत आला. खोल टँकच्या तळाशी पाणवनस्पती वाढवायच्या तर उजेड भरपूर हवा, म्हणून ही ट्यूब. मेख पुढे आहे. चार फुटी टी-५ दोन तऱ्हेची मिळते, २८ वॉटची आणि ५४ वॉटची. दोन्ही ११४९ मिलिमीटर लांब, १६ मिलिमीटर जाड, पिनाही त्याच. पण पहिलीला १७० मिलिअँपिअर लागतात, दुसरीला ४६०. "साब, चार फूट का चोक है, सब चलेगा," असं दुकानदार म्हणाला, की काका डोळे मिटून घेतात. २८ चा चोक ५४ च्या ट्यूबला जोडला तर ती मिणमिणते, वनस्पती खंगतात आणि माणूस खताला शिव्या घालत बसतो.

पाहुणा आला की चहाच्या आधी प्रयोग असतो. काका बटण दाबतात. सेकंदभर काहीच होत नाही. पाहुण्याला वाटतं, लाइट गेली. "थांबा! फिलामेंट तापवतोय तो आधी!" काका बोट वर करतात, आणि चारही ट्यूब न लुकलुकता लख्ख लागतात. स्वस्तातला चोक थंड फिलामेंटवरच दणका देतो. दर वेळी त्यावरचं लेपन थोडं उडतं आणि ट्यूबची टोकं लवकर काळवंडतात. हे सगळं ऐकून झाल्यावर पाहुणा विचारतो, "हा मासा कुठला?"

"निऑन," काका ठोकून देतात. टँकमधले सगळेच निऑन.

बॅलास्टच्या पत्र्यावर 'टीसी' अशी खूण असते. त्या जागेचं तापमान त्यावर छापलेल्या मर्यादेबाहेर गेलं, की त्याचं आयुष्य घटतं. काकांनी तिथे आधी टँकचा थर्मामीटर चिकटवला, मग नातवाचा. तो ४२ च्या पुढे जाईना, तेव्हा सूनबाईंनी हस्तक्षेप केला. पाण्याचं तापमान किती, हे तेव्हापासून कुणालाच ठाऊक नाही. टी-५ सर्वाधिक उजेड देते ती भोवतालची हवा ३५ अंशांची असताना. त्यामुळे मे महिन्यात काका खुशीत असतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासतात.

२०२३ साली मिनामाता कराराच्या देशांनी सर्वसाधारण वापराच्या फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं. काकूंच्या कपाटामागे तेव्हापासून ट्यूबांचे खोके उभे आहेत. झाडू मारायला जागा नाही.

शेवटी लेकीने एलईडीची पट्टी आणून टँकवर बसवलीच. आठवडाभर काकांनी तिकडे पाहिलं नाही. मग एका रात्री पट्टी उतरवून, चष्मा कपाळावर चढवून ते तिची मागची बाजू वाचत बसले.

"काय गं, याचा ड्रायव्हर वेगळा मिळतो का? आणि ३५० मिलिअँपिअरचा घ्यायचा, की ७०० चा?"