डायवाले भाऊ

राजापेठेत कोणाच्या घरचा नळ गळायला लागला की शेजारी मोठ्या भरवशानं भाऊंना बोलावतात आणि तिथंच फसतात. एसटीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले भाऊ नळाला हात लावत नाहीत. नळ खोलायला जो पाना लागतो तो बाजारात चांगला मिळत नाही, असं जाहीर करून ते आधी पाना करायला घेतात. तोवर त्या घरानं बादली लावून दिवस काढायचे.

भाऊंचं दैवत म्हणजे अमेरिकेतले फ्रेड हंटिंग्टन. रॉक चक नावाच्या, खडकात बिळं करणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी युद्धकाळात मनाजोगत्या गोळ्या मिळेनात. तेव्हा हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी, वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या भागात गोळ्या दाबून घडवायच्या डाय स्वतःच करू लागला. 1943 साली त्यातूनच कंपनी उभी राहिली: ‘रॉक चक बुलेट स्वेज’, म्हणजे आजची आरसीबीएस. ही कथा भाऊ रंगवून सांगतात, विशेषतः लाँड्रीचा भाग. कारण वहिनींची कपडे वाळवायची गच्चीवरची टिनाची खोली त्यांनी केव्हाच ताब्यात घेतली आहे.

मात्र आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय गोळी बनवली तर थेट कोठडी. ते काम वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं करावं. भाऊंनी त्यातून मधला मार्ग काढला. गोळी सोडली, डाय धरली! सिंभोऱ्याच्या धरणावर गळ टाकून बसणाऱ्या मेव्हण्याची तक्रार होतीच, की गळाला बांधायची शिशाची वजनं एकसारखी मिळत नाहीत.

“ओतलेलं शिसं थंडं होतानी आकसते, आतमंदी पोकळ रायते,” भाऊ समजावून सांगतात. म्हणून नग आधी ओतायचा आणि मग पोलादी डायमध्ये घालून पंचानं थंडच दाबायचा. पोकळी बुजते, जादा शिसं बाजूच्या बारीक भोकातून शेवईसारखं बाहेर येतं. ते कापलं की सगळे नग एका वजनाचे.

सांगायला पाच मिनिटं लागतात. करायला भाऊंचा अख्खा उन्हाळा गेला. ट्रकचा बॉटल जॅक लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवून प्रेस झाला. डायचं भोक भाऊ इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून रोज संध्याकाळी घासत आणि आत टॉर्च मारून आरशासारखी चमक आली का ते बघत. मग डाय लालभडक तापवून तेलात बुडवली. पोलाद कडक झालं, पण ठिसूळही झालं. त्यावर उपाय म्हणजे ते पुन्हा मंद तापवून गवती पिवळा रंग येऊ द्यायचा. त्यासाठी वहिनींचा ओव्हन लागला.

“आता ह्याच्यात केक कराचा का नटबोल्ट?” वहिनींनी विचारलं.

पहिला नग दाबला आणि आतच अडकला. तो ढकलून काढायला पिन हवी, पिन सरळ राहायला बुश हवा, बुश कातायला लेथ हवा. भाऊ आनंदानं सातुर्ण्याच्या एमआयडीसीत रवाना झाले. मेव्हण्यानं तोवर बाजारातून पाव किलो वजनं आणली होती.

गच्चीवर भाऊ काहीतरी ‘दाबून’ बनवतात, ही बातमी पसरायला उशीर लागला नाही. एक दिवस हवालदार जिना चढून आले. त्यांनी जॅक पाहिला, डाय पाहिली, शिशाचं थेंबाच्या आकाराचं वजन बोटात फिरवलं. भाऊंनी भीतीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. गळ, मासे, मेव्हणा, धरण.

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. “भाऊ, माह्या बुलेटचा क्लच निंघूनच नाही रायला. पुलर बनते का?”

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. “बनते ना! फक्त त्या आट्याचा टॅप कुठी भेटत नाही. तो करा लागीन आधी.”

“सायेब,” वहिनी खालून ओरडल्या, “तवरोक एखादी सायकल घेऊन घ्या!”