जाळीतल्या निळ्या दिव्यास सा. न. वि. वि.

प्रति,
माननीय भाऊसाहेब,
मागची सीट, काळ्या काचेआड,
मुक्काम : माझ्या मागच्या चाकापासून दोन फुटांवर.

पत्रास कारण की, आपला सायरन ऐकून मी दुचाकी पदपथावर चढवली. आता ती खाली उतरवायला कुणी जागा देईपर्यंत वेळच वेळ आहे. तेव्हा आधी अभिनंदन करून घेतो. 2017 साली 1 मे रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी, देशभरातल्या मोठ्या माणसांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. कित्येक मंत्र्यांनी स्वतःच्या हातानं दिवा उतरवतानाचे फोटो काढून घेतले. जिथं ‘लाल दिव्याची गाडी’ मिळावी म्हणून माणसं महामंडळाच्या खुर्चीकडे डोळे लावून बसायची, त्या आपल्या राज्यात हा त्याग लहान नव्हे. मुख्यमंत्र्यांचा दिवा गेला, न्यायमूर्तींचा गेला, राष्ट्रपतींचासुद्धा गेला. आपला तेवढा राहिला. टपावरून उतरला आणि पुढच्या जाळीत जाऊन बसला, तोही लाल-निळा, लुकलुकता. राष्ट्रपतींना जे राखता आलं नाही ते आपण राखलंत, या आदरापोटीच मी ब्रेक दाबला.

मात्र आपली तातडी नेमकी कसली, ते उमगेना. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम काढून बसलो. दिव्यांचा नियम आहे 108. रुग्णवाहिकेचा फोन नंबरही 108. आपण दोघांनाही एकाच वेळी मागे टाकता, हे लक्षात आलं आणि पुन्हा एकदा ऊर भरून आला. असो. लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा कुणी लावायचा याची या नियमात यादी आहे. आग विझवणारे, कायदा-सुव्यवस्था राखणारे पोलीस आणि सैनिकी दलं, आणि आपत्तीत धावून जाणारे. आपत्त्याही नावानिशी दिल्यात : भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ, त्सुनामी. शिवाय माणसानं ओढवलेल्या, म्हणजे आण्विक, रासायनिक आणि जैविक.

आपल्याला यातल्या एका तरी खणात बसवावं म्हणून मी फार खटपट केली. भूकंप झालेला नव्हता. आपल्या वाढदिवसाला डीजेच्या भिंतीनं आमच्या खिडक्या हलतात, पण तो दिवस अजून लांब आहे. पुण्यापर्यंत त्सुनामी यायची तर तिला आधी घाट चढावा लागेल. रासायनिक आपत्तीवर मात्र मी जरा रेंगाळलो, कारण सिग्नलला आपली काच खाली झाली तेव्हा अत्तराचा लोट थेट हेल्मेटात शिरला. तरीही एवढ्यावर दिवा मिळेल असं वाटत नाही. पूर म्हणाल तर शुभेच्छाफलकांचा आहे, पण त्यात बुडतो आम्ही आणि सोडता आपण.

नियमात आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. ज्या गाडीला दिव्याची परवानगी, तिच्या पुढच्या काचेवर परिवहन खात्यानं दिलेला स्टिकर हवा. आपल्या काचेवर मी तो डोळे फाडून शोधला. कुलदैवताचं नाव दिसलं, पक्षाचं चिन्ह दिसलं, आणि त्या चिन्हाखाली आधीच्या पक्षाचं चिन्ह खरवडून काढल्याची खूणही दिसली. परिवहन खातं काही दिसलं नाही. त्या खात्याचा दुसरा कागद म्हणजे आपली नंबरप्लेट. तिच्यावरचे 4141 हे आकडे इतक्या कलाकुसरीनं ‘दादा’ झाले आहेत की गाडीचा नंबर वाचण्याचा उद्धटपणा कुणाच्या हातून होऊच नये.

सवलतीही वाचल्या. सिग्नल तोडणं, वेगमर्यादा ओलांडणं, एकेरी रस्त्यात उलट्या दिशेनं शिरणं : अग्निशमनाच्या बंबाला आणि रुग्णवाहिकेला खरोखरच हे सगळं करता येतं. पण त्यासाठी तशीच आणीबाणीची निकड असावी लागते, आणि तरीही पुरेशी काळजी घेऊनच पुढे जायचं, अशी अट आहे. म्हणजे बंबाच्या चालकानंसुद्धा लाल सिग्नलला वेग कमी करून डावी-उजवीकडे बघायचं! आपल्या चालकाला ही अट कुणी सांगितलेली दिसत नाही. किंवा सांगितली असेल, पण सायरनच्या आवाजात ऐकू गेली नसेल.

आपण आम्हाला एक विद्या शिकवलीत, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पूर्वी मागून सायरन वाजला की माणूस विचार न करता बाजूला व्हायचा. आता तो आधी आरशात बघतो. पुढं उलट्या अक्षरांत ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिलं असेल तर ते आरशात सुलट दिसतं. मग गाडी कडेला. जाळीतला दिवा दिसला तर मनातल्या मनात आपल्या कुळाचा उद्धार, आणि गाडी आहे तिथंच. या परीक्षेला दोन-चार सेकंद लागतात. प्रत्येक चौकात, प्रत्येक गाडीवाला ते घेतो. त्यांची बेरीज कुणाच्या नावावर मांडायची, ते खऱ्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला विचारा. 2014 साली राज्यात ही 108 सेवा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे 937 गाड्या होत्या. भाऊंच्या गाड्यांची मोजदाद सरकारनं केल्याचं ऐकिवात नाही.

आणि वाट न देणाऱ्याला काय, तर कलम 194-ई : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे खोट्या सायरनला कंटाळून खऱ्याला अडवलं, तर आत जाणार आम्ही.

एरवी आम्ही काही वाट न देणारी जात नव्हे. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते, ढोल टिपेला पोचलेले असतात, आणि तरी रुग्णवाहिका आली की ती गर्दी दुभंगते. पोरं हात धरून साखळी करतात, गाडी सरळ निघून जाते, मागं गर्दी पुन्हा मिटते. तिथं कुणी कलम दाखवत नाही. आपणही एकदा त्या गर्दीत जाळीतला दिवा लावून शिरून बघावं. ढोलपथकातली पोरं आपला योग्य तो सत्कार करतील.

तोवर एक सूचना आहे. नियमातल्या आपत्त्यांच्या यादीत ‘जैविक’नंतर स्वल्पविराम देऊन आपली कामं रीतसर घालून घ्यावीत : फीत कापणे, साखरपुड्याला उभ्या-उभ्या हजेरी, दहाव्याला मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत येणे, आणि पक्षप्रवेश. शेवटच्याला तर सायरन सक्तीचा करावा, म्हणजे लोकांना आधी बाजूला होता येईल.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक दुचाकीस्वार

ता. क. : आमच्या गल्लीतल्या एका पोरानं तस्साच लाल-निळा दिवा आपल्या मोपेडला बसवला आहे. त्याला रोज क्लासला उशीर होतो. चौकात आपण दोघं समोरासमोर आलात तर आधी कुणी जायचं, तेवढं सवडीनं कळवावं.