शेठच्या ब्रूनोचे तैलचित्र : शास्त्रोक्त विधी

सर्वप्रथम 'कुत्रा' हा शब्द उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावा. सुरतेत वेसू-पिपलोदच्या फ्लॅटांत कुत्रे नसतात. तिथे ब्रूनो, कोको आणि सिंबा असतात, आणि ते घरचे 'छोकरा' असतात. उधन्याहून बाइकवर आलेल्या खानदेशी चित्रकाराने 'कोणती जात?' असे विचारण्यापेक्षा 'कितवीला आहे?' असे विचारलेले बरे.

फोटो मागवावेत. चाळीस येतील. त्यांतले निम्म्याहून जास्त वरून काढलेले : डोके भोपळ्याएवढे, पाय उंदराचे. मोबाइल तोंडाशी नेला असेल तर नाक फुगते आणि कान मागे पळतात. फ्लॅशचा फोटो तर घेऊच नये. कुत्र्याच्या डोळ्यात आतल्या बाजूला उजेड परतवणारा चकचकीत थर असतो. त्याने ब्रूनोचे डोळे हिरवे पेटतात आणि भाभींना डुमसच्या किनाऱ्यावरची भुते आठवतात. तेव्हा स्वतः जावे, खिडकीपाशी गुडघे टेकावेत आणि त्याच्या नजरेच्या पातळीवरून फोटो काढावा. दुसऱ्या हातात खाखरा धरावा. जैन घरातल्या लॅब्राडोरला तो पुरतो.

पैशांचे आधी बोलावे. मराठी माणसाने सुरतेत रक्कम सांगितली की शेठ हमखास म्हणतात, 'तमे लोको बे वखत तो लई गया!' शिवरायांनी सुरत लुटली ती 1664 आणि 1670 ही दोन्ही साले आपल्याला पाठ असावीत. अदबीने हसावे आणि म्हणावे, 'म्हणून तर दोनच हप्त्यांत घेतो.' पहिला हप्ता हातात पडल्याखेरीज कॅनव्हास ताणू नये.

काळ्या लॅब्राडोरसाठी ट्यूबमधला काळा वापरू नये. कोळशाचे पोते दिसते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळा तयार करावा, आणि पाठीवर उजेड पडतो तिथे निळ्याला थोडे झुकते माप द्यावे. केस मोजत बसू नये. ब्रश केसांच्या वळणाने न्यावा : नाकावरून कपाळाकडे, मानेवरून खाली. छातीवर भोवरा असतो, तो घरच्यांना ठाऊक असतो, तो चुकवू नये. नाक सर्वांत शेवटी. त्यावरचा चमकता ठिपका निव्वळ पांढरा दिला की नाक प्लॅस्टिकचे होते. आणि पावसाळ्यात तेलरंगाचे काम शक्यतो घेऊ नये. तापीकाठच्या त्या दमट हवेत जवसाच्या तेलातला रंग वाळता वाळत नाही, आणि शेठना 'माल' दिवाळीआधी हवा असतो.

गिऱ्हाईक हिरेवाले असेल तर विशेष तयारी ठेवावी. वराछाचे शेठ चित्र लांबून बघत नाहीत. खिशातून आय-ग्लास काढतात, डोळ्याला लावतात, कॅनव्हासला नाक टेकेपर्यंत वाकतात आणि दहापट मोठ्या झालेल्या मिशा तपासतात. 'उजवीकडे एक कमी छे.' वाद घालू नये. मिशी घालावी. वेगळे पैसे लावू नयेत.

फारच बदल सुचवले जाऊ लागले तर चित्रकार फ्रान्सिस बॅरोडचे स्मरण करावे. त्याचा निपर हा कुत्रा 1895 साली वारला. बॅरोडने तो त्यानंतर रंगवला, फोनोग्राफच्या कर्ण्यापुढे मान कलती करून ऐकत बसलेला. 1899 साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र 100 पौंडांना घेतले, पण त्यातला फोनोग्राफ झाकून त्यावर आपले यंत्र रंगवून घेतले. तोच निपर पुढे आपल्या आजोबांच्या तबकड्यांवर गरगरत राहिला. बॅरोडने मुकाट्याने यंत्र बदलले. आपण सोफ्याचा रंग बदलावा.

गेलेल्या कुत्र्याचे काम आले की वरचे बरेचसे नियम लागू पडत नाहीत. भाव होत नाही, मिशा कोणी मोजत नाही. एकच सूचना येते, तीही जाता जाता : 'गळ्यातला पट्टा काढून टाका, आता कशाला?' ऐकायला सोपे वाटते. पण पट्टा पुसला की खाली काय रंगवायचे? बारा वर्षे पट्टा वागवलेल्या मानेवर केस दबून एक आडवी खाच पडलेली असते, आणि प्रत्येक फोटोत नेमका तिच्यावर पट्टा असतो. म्हणून भाभींना विचारावे. त्या थोडा वेळ गप्प राहतात, मग अंगठा आणि तर्जनी हवेत धरून दाखवतात : एवढी. ते अंतर लगेच पेन्सिलीने कॅनव्हासवर उतरवून घ्यावे.