काळ्या पाटीचे जावईबापू

2023 साली अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. म्हणजे धोंडे खायला येणारा जावई नेमका भर पावसात, अजिंठ्याचे डोंगर हिरवेगार झालेले असताना आमच्या सोयगावात उतरणार. एसटीने आलेला जावई सासूला बरा वाटतो. तो दमलेला असतो, मुकाट जेवतो आणि झोपतो. आमचे शेजारी आबा, त्यांचे जावईबापू मात्र पुण्याहून डिफेंडर घेऊन आले.

घेऊन म्हणजे भाड्याने घेऊन. तसं त्यांनी सांगितलं नाही. "मित्राची आहे, म्हणाला चार दिवस चालवून बघ," एवढंच म्हणाले. पण नंबराची पाटी काळी होती आणि अक्षरं पिवळी. खासगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी आणि स्वतः चालवायला भाड्याने मिळते तिची काळी, हे गल्लीतल्या आठवीतल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पाटी वाचली आणि बापूंना विचारलं, "दिवसाचं काय घेतात ओ?"

बापू एकटे नाहीत. पहिला पाऊस झाला की हा माणूस महाराष्ट्रभर उगवतो. खिसा बघून कोणी थार घेतो, कोणी गुरखा, कोणी फॉर्च्युनर, आणि बढती मिळालेली असली तर डिफेंडर. एरवी तो ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो. शनिवारी मात्र घोट्याच्या वरपर्यंतचे बूट चढवतो, आठ खिशांची विजार घालतो (त्यातले सात रिकामे) आणि छपरावर एक पिवळा जेरीकॅन बांधतो. तोही रिकामाच असतो. फावडं, विंच आणि सॅटेलाइट फोन यांच्याबद्दल तो तासभर बोलू शकतो. पंक्चर काढायची वेळ आली तर टपरी शोधतो.

त्याला नीट ओळखायचं असेल तर त्याने सही केलेला करार वाचावा. बापूंचा मोबाइल चार्जिंगला लावताना आम्ही तो वाचला. गाडी पक्क्या रस्त्याखाली उतरवू नये. पाण्यात घालू नये. इंजिनात पाणी गेलं तर विमा मिळणार नाही, खर्च घेणाऱ्याचा. ओरखडा निघाल्यास पैसे डिपॉझिटमधून वळते करण्यात येतील. गाडीला जीपीएस आहे. म्हणजे डोंगर चढणारी, नाला ओलांडणारी, चिखल तुडवणारी गाडी एवढे पैसे मोजून आणायची आणि ती अगदी सांभाळून डांबरावरून चालवायची. हे साहस मला अजून नीट कळलेलं नाही.

आबांना भाड्याचा आकडा जावयाकडून कळला नाही, मुलीकडून कळला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7020 रुपये होता. आबांनी मनात भागाकार केला आणि म्हणाले, "तीन दिवसांत तेरा क्विंटल." मग जरा थांबून, "अन् वेचणी वेगळी."

संध्याकाळी ओट्यावर बापूंनी गाडीचं कुळ सांगितलं. ते खरंच सांगण्यासारखं आहे. 1948 साली इंग्लंडात पहिली लँड रोव्हर आली ती शेतकऱ्यांसाठी. महायुद्धातली एक विलीज जीप शेतावर वापरता वापरता मॉरिस विल्क्स नावाच्या इंजिनिअरला ती सुचली. इंजिनाचा जोर मागच्या शाफ्टवर घेऊन तिच्यावर शेतातली यंत्रंही चालवता येत. 2008 पासून ही कंपनी टाटांची आहे. आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग उठून गाडीच्या मागे गेले, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "मग हिला रोटाव्हेटर कुठं लावायचा?"

दुसऱ्या दिवशी अजिंठा. सोयगावच्या माणसाला अजिंठा म्हणजे घरचंच, लेणी आमच्याच तालुक्यात आहेत. बापूंनी मात्र मोहीम आखली. आबांना गाडीत चढवायला स्टूल आणलं. मामींच्या, म्हणजे बापूंच्या सासूबाईंच्या, नऊवारीचा काठ दारात अडकू नये म्हणून दोघं जण दाराशी उभे राहिले. जेवणाचा डबा, पाण्याचे कॅन, दोरखंड, प्रथमोपचाराची पेटी. अशा थाटात सगळे फर्दापूरच्या टी पॉइंटपर्यंत गेले. तिथे खासगी गाड्या थांबवतात. पुढचे चार किलोमीटर एसटी महामंडळाच्या बसने जावं लागतं. मग तेरा क्विंटलांची गाडी वाहनतळावर उभी राहिली आणि मंडळी बसच्या रांगेत. आबा खूश. "हिला पायरी तरी आहे," म्हणत ते खिडकीपाशी बसले. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. वाहनतळ नव्हता, म्हणून त्याचं जमलं.

आमच्या तालुक्याची हीच अडचण आहे. बघण्यासारखं जे जे आहे तिथे शेवटी पायच लागतात. वेताळवाडीचा किल्ला हळद्याच्या घाटातून समोर दिसतो, पण वर चढायचं ते पायी. रुद्रेश्वर लेणीलाही पायवाटच. गौताळा तर 1986 पासून अभयारण्य. तिथे वाट सोडून गाडी घातली तर वनखातं स्वागत वेगळ्या तऱ्हेने करतं. बापूंनी हळद्याच्या घाटात गाडी कडेला लावून तिच्या बॉनेटवर हात टेकून फोटो काढला. बॉनेटवर बसणार होते, पण बेल्टच्या बक्कलाने ओरखडा पडेल म्हणून नुसता हात टेकला. घाटातल्या फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. कंपनीच्या पुस्तकात ही गाडी 900 मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे जवळपास तीन फूट. बापूंनी हे आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि गाडी मागे वळवली. आम्ही वळत असताना स्प्लेंडरवरून तिघे जण, मध्ये युरियाची गोणी, फरशी ओलांडून गेले.

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "बापू, कपाशी तरी बघून घ्या." शेताला गाडवाट. बापूंना घाम फुटला. "मामा, चालत जाऊ ना, सकाळची हवा चांगली असते." पण जावयाची एवढी गाडी दारात असताना आबा पायी गेले तर गाव काय म्हणेल? निघाले. वाटेत उजवीकडून बाभळीची फांदी आली. तिचा काटा लागू नये म्हणून बापूंनी गाडी डावीकडे घेतली आणि दोन चाकं काळ्या रानात उतरली.

आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग तो टायर गुळगुळीत होतो. शिवाय भाड्याच्या गाडीला टायर डांबरी रस्त्याचेच होते. बापूंनी बटणं दाबली, गोल खटका फिरवला, लो रेंज लावली. त्यांना सगळं येत होतं. आतापर्यंत फक्त व्हिडिओत केलं होतं. चाकं जागच्या जागी फिरली, मामींच्या नव्या साडीवर चिखल उडाला, आणि तेवढ्यात पुण्याहून फोन आला: "सर, गाडी रस्त्यावर दिसत नाही."

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल," बापू म्हणाले.

मग ट्रॅक्टरवाला आला. "फसली का पाव्हणे? काढू राहिलो, थांबा." बापू टो हुक कुठे असतो ते मोबाइलवर शोधत होते. तोवर त्याने दोर बांधून गाडी बाहेर ओढलीही. त्याचा ट्रॅक्टर पण एकराच्या हिशेबाने भाड्यानेच चालतो. फक्त त्याच्या करारात चिखल वर्ज्य नाही, कारण करारच नाही. पैसे त्याने घेतले नाहीत. गाडीत बसून एक फोटो मात्र काढला, आणि त्याच्या पायाच्या चिखलाकडे बघत बापू गप्प उभे राहिले.

परतायच्या सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याने गाडी धुतली. बापूंनी ती घेताना काढलेला व्हिडिओ आणि समोरची गाडी इंच-इंच ताडून पाहिली. मागच्या दारावर एक बारीक रेघ होती. ती आधीची की बाभळीची, यावर दोघा नवराबायकोंचं भांडण पुण्याच्या वाटेवर बराच वेळ चाललं असं नंतर कळलं. डिपॉझिटचं काय झालं ते आबांनी विचारलं नाही. त्यांनी जावयाला धोंड्याचं वाण म्हणून अंगठी दिली होती, ती त्यात गेली की काय, असं मामी हळूच म्हणतात.

तरी मला हा माणूस आवडतो, आणि हे उपरोधाने म्हणत नाही. स्वतःच्या गाड्या घेऊन येणारे काही जण ओढ्यात गाड्या नाचवतात, शेताचे बांध फोडतात, रात्री जंगलात दिवे टाकत फिरतात. बापू यातलं काहीच करत नाहीत. डिपॉझिटची धास्ती त्यांना सज्जन ठेवते.

तुमच्याकडेही असे जावई येणार असतील तर त्यांना दोन गोष्टी आधीच सांगा. गाडवाटेला येताना बूट घरी ठेवून चपला घालाव्यात. आणि तीन दिवसांचं बुकिंग शनिवार ते सोमवार करू नये. सोमवारी अजिंठा बंद असतो.